हरला की पट उधळतो, काय करावं?

केतकी_पुणे: मुलगा साडेपाच वर्षांचा. सापशिडीत ९८ वरच्या सापाने गिळलं की सोंगट्या भिंतीवर आणि स्वारी पलंगाखाली. आजोबा मुद्दाम हरतात म्हणून घरात निभावतं, पण सोसायटीतली मुलं आता त्याला खेळायला घेईनात. कुठले खेळ, कुठल्या युक्त्या उपयोगी पडल्या? ‘मोठा झाला की सुटेल’ सोडून काहीही सांगा.

दोनपोरांचाबाबा: आधी आजोबांना आवरा :) कधी त्याला जिंकू दे, कधी खरंच हरव. तू हरलीस की मोठ्याने बोल, “श्शी, वैताग आला! चल, अजून एक डाव.” पोरं ते बरोबर उचलतात. खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरवायचं, राग आला तर चालेल, फेकाफेक चालणार नाही. उशीला गुद्दे घाल. भडकल्यावर उपदेश शून्य, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. नुसतं “हरल्याचा राग आलाय ना?” म्हण आणि शेजारी बस. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हा तर साडेपाचचा!

माईसाहेब: खाली त्याला कच्चा लिंबू करा की. बाद होणार नाही, पण पळापळ सगळी करेल. मोठी मुलं बाद होऊन बाजूला बसतात आणि तिथूनही कल्ला करतात, हे त्याला रोज दिसू दे. लगोरी उत्तम. डाव झटपट संपतो आणि हरतो तो अख्खा गट, एकट्याच्या नावावर काही लागत नाही.

निळीछत्री: कच्चा लिंबू ठीक, पण दिवाळीपर्यंतच. माझ्या भाचीला सातव्या वर्षापर्यंत तसंच ठेवलं, मग त्यावरूनच चिडवायला लागले. आणि खाली त्याला ‘चिडका बिब्बा’ म्हणतात का बघ. तसं असेल तर तिथला राग हरण्याचा नाही, चिडवण्याचा आहे. त्याचं औषध वेगळं. आधी त्या मुलांशी बोलावं लागेल, तेही गोडीत. आयांच्या ग्रुपवर टाकू नकोस, प्रकरण भलतीकडे जातं.

केतकी_पुणे: म्हणतात! म्होरक्या आमच्याच मजल्यावरचा आहे. त्याला खाऊला बोलावते आणि दोघांना एका गटात घेते. आजोबांचं जास्त अवघड आहे. लगोरीचे चपटे दगड कुठे मिळतील?

माईसाहेब: फरशीवाल्याकडे कडप्प्याचे तुकडे माग, सहसा फुकट देतात. कडा घासून घे फक्त.