परसदारच्या डेकचे वार्निश सुटले आहे: पूर्ण खरवडावे की वरून नवा हात द्यावा?

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर):
आमच्या परसदारी सागवानी फळ्यांचा 12 बाय 15 फुटांचा उघडा डेक आहे. गेल्या मे महिन्यात त्यावर चकचकीत वार्निशचे 2 हात दिले. परंतु मृगाला लागलेला पाऊस गणपतीपर्यंत हटला नाही, आणि आता वार्निश कांद्याच्या सालीसारखे सुटत आहे. पापुद्रा उचलला की खाली लाकूड काळवंडलेले दिसते आणि खिळ्यांभोवती शाई सांडल्यासारखे डाग आहेत. रंगारी म्हणतात, सुटेल तेवढे काढून वरून आणखी एक हात मारू. हे योग्य ठरेल काय?

उत्तर (बेळगाव):
योग्य ठरणार नाही. वार्निशचा थर लाकडाच्या वर बसतो, आत मुरत नाही. उन्हापावसात फळी फुगते आणि आकसते, थराला बारीक चिरा पडतात, त्यांतून शिरलेले पाणी खाली अडकून राहते आणि तेच थर उचलून धरते. सर्व वार्निश काढून 60 आणि नंतर 100 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासावे. त्याहून गुळगुळीत करू नये, कारण मग तेल मुरत नाही. थंडी सरता सरता, लाकूड खडखडीत वाळले असताना, बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे मुरणारे तेल लावावे आणि न मुरलेले तेल पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्यावे. दरवर्षी एक हात द्यावा लागेल, पण खरवडण्याचा ताप पुन्हा होणार नाही. जवसाचे तेल असलेली फडकी मात्र चुरगाळून ठेवू नयेत. वाळताना ती तापून आपोआप पेटू शकतात.

उत्तर (निपाणी, सुतारकाम करतो):
खिळ्यांभोवतीचे डाग ही बुरशी नव्हे. सागातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि ओले लोखंड यांच्या संयोगाने तो काळा रंग येतो, म्हणून नुसते घासून भागणार नाही. ऑक्झॅलिक आम्ल कोमट पाण्यात विरघळवून, हातमोजे आणि चष्मा घालून, डागांवर लावावे व नंतर भरपूर पाण्याने धुवावे; ब्लीचिंग पावडरीशी त्याची गाठ पडू देऊ नये. खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालावेत, अन्यथा पुढच्या पावसात डाग परत येतील. आणखी एक सांगतो, जे घाईत हमखास राहून जाते: फळीची कापलेली टोके पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितात, तेव्हा तेथे तेलाचे 3 हात द्यावेत.

उत्तर (कणकुंबी):
आमच्याकडे जुनी माणसे लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावीत. वाळवीला ते उत्तम, परंतु लाकूड काळे पडते आणि कातडीला लागले तर फोड येतात. अनवाणी चालण्याच्या जागी मी ते सुचवणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. काल खिळे तपासण्यासाठी कडेची एक फळी उचलली, तर खालच्या पोकळीत पाचोळा गच्च बसलेला होता आणि आधाराच्या दोन वाशांत स्क्रूड्रायव्हर बोटभर सहज शिरला. आता आधी पाचोळा काढून ते दोन वासे बदलून घेतो. घासकाम आणि तेल फेब्रुवारीत.