मराठी बोलता बोलता केलेल्या खुणा ही खुणांची भाषा आहे का?

खूणगाठ:
कर्णबधिर मुलांच्या बऱ्याच शाळांत शिक्षक तोंडाने मराठी वाक्य म्हणतात आणि त्याच दमात त्यातल्या दोन-चार शब्दांच्या खुणा करतात. पाहुण्यांना वाटतं, वा, वर्ग खुणांच्या भाषेत चाललाय. माझ्या मते ते धड मराठी नसतं आणि भारतीय सांकेतिक भाषा तर नसतंच.

‘आईने मुलाला पुस्तक दिलं’ हे वाक्य घ्या. हातावर येतं काय? आई, मुलगा, पुस्तक, देणे. कोणी कोणाला दिलं ते मुलाने ताडायचं. खऱ्या सांकेतिक भाषेत आईची जागा डावीकडे ठरवतात, मुलाची उजवीकडे, आणि ‘देणे’ची खूण डावीकडून उजवीकडे नेतात. ‘ने’ आणि ‘ला’ त्या दिशेत आहेत. हात उलटा नेला की मुलाने आईला दिलं.

दुसरी अडचण वेगाची. एक खूण करायला एक शब्द बोलण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तोंड पुढे पळतं, हात मागे राहतो आणि वाक्याचं शेपूट गळतं. सांकेतिक भाषेत ‘नाही’, ‘झालं’ आणि प्रश्नाची खूण नेमकी शेवटी येते. म्हणजे ‘उद्या शाळा नाही’ मधला ‘नाही’ गळाला की मूल सकाळी दप्तर घेऊन दारात!

फळा-खडू:
असहमत. पाठ्यपुस्तक मराठीत, प्रश्नपत्रिका मराठीत, बँकेचा फॉर्मही मराठीत. सांकेतिक भाषेत ‘घर’चं ‘घरा’ होत नाही, क्रियापदाला लिंग नाही. मग मूल ‘मी काल बाजार गेला’ असं लिहितं. ऐकणारं मूल ‘बाजारात गेलो’ हजारदा ऐकून शिकतं. ज्याला ऐकू येत नाही त्याने ते कुठे पाहायचं? मराठीच्या क्रमाने खुणा करून प्रत्यय बोटांनी जोडून दाखवला, तर निदान डोळ्यांसमोर तरी येतो.

आणि पालकांचा विचार करा. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. त्यांना जेवण, दुखणं, शाळा, राग अशा शे-दोनशे खुणा काही महिन्यांत येतात. जागा ठरवणं, दिशा, चेहऱ्याचं व्याकरण यायला वर्षं लागतात. तोवर घरात गप्प बसायचं का? मोडकीतोडकी खूणही चालेल.

खूणगाठ:
घरातलं मान्य. शिकाऊ आईच्या चुका मूल सांभाळून घेतं. पण वर्गात मुलाला आदर्श म्हणून तेच दाखवायचं?

प्रत्यय दाखवायला फळा आहे की! आधी गोष्ट पूर्ण सांकेतिक भाषेत सांगा, मध्ये मराठी न आणता. मग छापील वाक्य समोर ठेवा. ‘बाजारात’ या शब्दावर बोट ठेवा, त्याची खूण करा, अक्षरं बोटांनी दाखवा, पुन्हा छापील शब्दावर या. ‘-आत’ वेगळ्या रंगाने लिहा. शेवटी मुलाने वाक्य लिहायचं आणि स्वतःच सांकेतिक भाषेत उलटवायचं. उलटवताना अडखळलं, तर अर्थ कळला नव्हता हे तिथल्या तिथे दिसतं. एका तासात पाच-सहा वाक्यंच होतील, पण पक्की होतील.

हात ‘बाजार’ दाखवतोय आणि तोंड ‘बाजारात’ म्हणतंय, तेव्हा मूल हात पाहतं. तुमचा प्रत्यय हवेत जातो.

श्रवणालेख:
दोघांनीही ऐकण्याचा भाग वगळलाय. २०१६च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त ऱ्हास म्हणजे बधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. एकाच वर्गात दोन्ही असतात, शिवाय कॉक्लिअर इम्प्लांटवाली, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने ऐकण्याचं यंत्र बसवलेली मुलं. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू होतं, मग मॅपिंग, म्हणजे यंत्र त्या मुलाच्या कानाला जुळवणं, मग वर्षानुवर्षं वाचाउपचार. बॅटरी संपली, केबल तुटली, पावसाळ्यात ओल शिरली की आवाज बंद. अशा मुलाभोवती दिवसभर कोणी बोललंच नाही, तर लाखोंचं यंत्र कानामागे नुसतं अडकवलेलं राहतं. म्हणून निव्वळ खुणांचा वर्ग मला पटत नाही.

पण बोलत बोलत खुणा करण्यालाही माझा विरोध आहे. हाताला सांभाळून घेताना बोलणं तुटक होतं, शब्दांवरचे आघात बिघडतात. ऐकू शिकणाऱ्या मुलाला तेच बिघडलेलं मराठी मिळतं. ऐकण्याचा तास वेगळा ठेवा, खुणांचा वेगळा.

फळा-खडू:
ओष्ठवाचनाचं काय? तोंड दिसतं म्हणून तर बोलत खुणा करायच्या.

श्रवणालेख:
आरशासमोर आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणा. ओठ तिन्हींना सारखेच हलतात. क, ख, ग, घ तर घशाकडेच होतात, बाहेर काही दिसत नाही. ओठ वाचणारा निम्मं संदर्भावरून जुळवतो, आणि संदर्भासाठी भाषा आधी यावी लागते.

दोन्ही-हात:
इथे ‘मुलांना काय द्यायचं’ हे सगळं ऐकणारेच ठरवतायत, हे कोणाच्या लक्षात आलंय का? १८८०मध्ये बधिरांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या परिषदेत असंच झालं. जमलेल्यांत बधिर शिक्षक जवळजवळ नव्हतेच, आणि ठराव झाला की शाळांत खुणा नकोत, बोलणंच शिकवा. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला त्याच विषयावरची २०१०ची व्हँकुव्हरची परिषद उजाडली. आपल्या २०१६च्या कायद्याचं १७वं कलम सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमायला सांगतं, त्यांत अपंग शिक्षकही आले. वर्गात एक बधिर शिक्षक असला की व्याकरणाचे निम्मे वाद मिटतात.

भाषा हातात असते तशी रीतीतही असते. हाक मारायची तर खांद्यावर हलकी थाप, लांब असेल तर हात हलवा, सगळ्यांना बोलवायचं तर दिवा एकदा चालू-बंद करा. मागून डोक्याला हात लावायचा नाही. बाकं अर्धवर्तुळात हवीत, रांगेत बसलेल्या मुलाला मागच्याचं उत्तर दिसतच नाही. शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी नको, उजेडापुढे चेहरा काळा पडतो. कपडे एकरंगी, हाताच्या रंगाहून वेगळे. दोघे खुणांनी बोलत असताना मधून जायचं तर सरळ निघून जा. मध्येच थबकून माफी मागाल तर संभाषण जास्त तुटतं. दुभाषी असला तरी बघायचं बधिर व्यक्तीकडे, ‘त्याला सांगा’ म्हणायचं नाही. आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं कृपया थांबवा. हा दोष सर्वांत स्वस्तात सुटतो आणि तोच सुटत नाही.

भुवया आणि मान म्हणजे नाटकीपणा नव्हे. हो-नाही प्रश्नात डोळे विस्फारून पुढे झुकतात. ‘कोण’, ‘कुठे’ विचारताना हनुवटी वर जाते. प्रश्नाची मूळ खूण एकच: चेहरा आणि प्रश्न म्हणजे कोण, जागा आणि प्रश्न म्हणजे कुठे. चेहरा कोरा ठेवून शिकवणाऱ्यांचे प्रश्न मुलांना विधानं वाटतात.

फळा-खडू:
बाकांचं, फळ्याचं पटलं. बधिर शिक्षक हवेत याबद्दलही वाद नाही. पण खूणगाठ, तुमच्या पद्धतीतला कच्चा दुवा राहिलाच. अक्षरं बोटांनी दाखवा म्हणता, कोणती? आपल्याकडे सर्रास चालते ती दोन हातांची इंग्रजी ए ते झेड, पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर. त्यात ‘शाळा’ आणि ‘शाला’ एकच, ‘मन’ आणि ‘मान’चा घोळ. देवनागरीची बोटलिपी आहे, पण किती मुलांना येते?

खूणगाठ:
हा घाव बरोबर बसला. बोटलिपी वगळून ‘ळ’ हवेत लिहिणं किंवा छापील अक्षरावर बोट ठेवणं, एवढंच सध्या करता येतं. मात्र तुमच्या प्रत्ययाच्या खुणांनाही हीच अडचण आहे, कारण ‘ला’ तुम्ही त्याच इंग्रजी एल-एने दाखवणार.

फळा-खडू:
नाही, आम्ही ‘ला’साठी वेगळी खूण ठरवून घेतो.

दोन्ही-हात:
ठरवून घेतलेली, म्हणजे त्या शाळेच्या फाटकाबाहेर कोणालाच न कळणारी. बरं, जाता जाता: मराठीतला ‘आम्ही दोघं’ आणि ‘आपण दोघं’ हा फरक आमच्या हातात आधीपासून आहे. दोन बोटं माझ्या-तुमच्यामध्ये हलली की आपण, माझ्या आणि तिसऱ्यामध्ये हलली की आम्ही. हिंदीला जे ‘हम’मध्ये दाखवता येत नाही ते इथे फुकट मिळतं. उद्याचा व्याकरणाचा तास तिथूनच सुरू करून बघा.