वाली, पालक, अ.पा.क.

सुरसागरकाठ

आधी बँकेतला प्रसंग सांगते, शब्द मग. मुलाला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. ऑटिझम आहे, बोलणं मोजकं. लहानपणी उघडलेलं खातं इतकी वर्षं माझ्या सहीवर चाललं, आता चालेना. टेबलापलीकडच्या भाईंनी फॉर्म पुढं सरकवला आणि अगदी नरमाईनं विचारलं, "बेन, मम्मी तो बराबर, पण एना वाली कोण छे?"

लग्न होऊन बडोद्यात आले त्याला पंचवीस वर्षं झाली. शाळेच्या 'वाली मीटिंग'ला, म्हणजे पालकसभेला, कितीदा गेले असेन. गुजरातीत वाली म्हणजे कोण ते मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या खुर्चीत बसून कानावर पडलं ते मराठीच: ह्याला कोणी वाली आहे का? डोळ्यांत पाणीच आलं. चिरंजीव शेजारी टोकनच्या चिठ्ठीच्या घड्या घालत होते. एक, दोन, तीन, पाचवी बसेना म्हणून परत सगळी उलगड.

तर विचारायचं असं. हा वाली आणि आपला वाली एकच का? आणि त्या रकान्याला मराठी शब्द कोणता? पालक म्हणावं तर पालक मी आहेच, आणि भाई म्हणतात तेवढ्यानं भागत नाही.

वानरसेना

वाली रामायणातलाच असणार. किष्किंधेचा राजा, बलवान, म्हणून रक्षणकर्ता असा अर्थ आला असावा.

जुनी कचेरी

नाही हो. ज्यानं भावाची बायको ठेवून घेतली आणि शेवटी रामाचा बाण खाल्ला, त्याच्या नावानं कोण रक्षण मागेल? हा वाली अरबी. तिथं वली म्हणजे सांभाळणारा, कैवारी. मुसलमानी निकाहात वधूच्या बाजूनं उभा राहतो तोही वलीच. प्रांताचा कारभारी तो वाली. धातू एकच. फारसी दप्तरातून शब्द आपल्याकडं आला. गुजरातीत तो कागदावर टिकला: 'सगीरना वाली' म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा कायदेशीर सांभाळणारा. सगीरही अरबीच, म्हणजे लहान.

मराठीत मात्र तो कागदावरून उतरला आणि नकारात जाऊन बसला. 'कोणी वाली नाही', 'वाली उरला नाही'. माझा वाली अमुक आहे असं सुखानं सांगणारा मराठी माणूस मी तरी पाहिला नाही. त्यामुळं ताई, तुम्हाला लागलं ते साहजिक आहे. भाईंची चूक नाही, तुमचीही नाही.

मराठी दप्तराचा शब्द निराळा. आमच्या आजोळची जमीन धुळ्याकडं. सातबारावर मामेभावाच्या नावापुढं 'अ.पा.क.' आणि मग मामीचं नाव. मला लहानपणी वाटायचं ही मामीची पदवी. ते निघालं 'अज्ञान पालक कर्ता'. अठराच्या आतला तो अज्ञान, पुढचा सज्ञान. अठरावं संपलं की अ.पा.क. काढून टाकायचं. तुमच्याकडं तेच झालंय: कायद्यानं मुलाला सज्ञान म्हटलं आणि म्हणूनच आईची सही चालेनाशी झाली.

पर्वतीपायथा

मला प्रश्नच कळला नाही. पालक हाच शब्द आहे. पालन करतो तो पालक, आईबाप असो वा नसो. महाराष्ट्रात जिल्ह्याला पालकमंत्री असतो, त्याला कोणी जिल्ह्याचे वडील म्हणतं का? अगदीच फोड करायची तर 'कायदेशीर पालक' म्हणा.

पालकसभा

बाई मी. विशेष मुलांच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं, आधी अमरावतीला, मग इथं. पर्वतीपायथा, पालक शब्द बरोबर आहे, त्यानं होणारा घोटाळा तुम्ही पाहिलेला नाही. प्रत्येक पालकसभेत मी सांगायचे, मूल अठराचं झालं की पालकत्व घ्या. सभा हसायची. एका आजोबांनी तर हात जोडले, "बाई, जन्माला घातलं तेव्हाच घेतलंय की!" आता तर पालकत्व म्हणजे मुलं कशी वाढवावीत ह्यावरचं व्याख्यान. ते 'घ्यायचं' असतं, अर्ज करून, हे त्या शब्दातून कसं कळावं?

कायदा थोडक्यात. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999चा. त्यात चारच प्रकार: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, कायद्याच्या तेव्हाच्या भाषेत मतिमंदत्व, आणि बहुविकलांगता. ह्यांच्यासाठी अठरानंतर जिल्ह्याची स्थानिक समिती गार्डियन नेमते. समितीत कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात. समितीचं प्रमाणपत्र बँकांनी धरावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, तेव्हा भाईंना तेच हवं असणार.

आणि नेमलेल्याला हिशेब द्यावा लागतो. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, पुढं दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. आईला हे ऐकून राग येतो. मला मात्र फरक इथंच दिसतो. आईला कोणी हिशेब विचारत नाही, वालीला विचारता येतो. तुमच्या माघारी काका-मामा किंवा भावंड त्या जागी येईल तेव्हा हा हिशेबच मुलाला तारेल.

सुरसागरकाठ

बाई, 'माघारी' तुम्ही लिहिलंत म्हणून. आमच्या आयांच्या गटात 'मेल्यावर' कोणी म्हणत नाही. 'आमच्या पश्चात', 'आमच्यामागं', फार तर 'पुढंमागं'. फिरून फिरून तेवढाच विषय असतो आणि त्याला सरळ शब्द नाही.

पालकमंत्र्यांचं उदाहरण मात्र आवडलं. नेमलेला असतो आणि बदलता येतो. म्हणजे एकाच भाषेत पालकमंत्र्यातला पालक नेमणुकीचा आणि पालकसभेतला जन्माचा.

गोखले रस्ता

विषय निघालाच आहे तर 'केअरगिव्हर'चं काय करायचं? एका माहितीपत्रकात 'काळजीवाहू' वाचलं. आमचे हे म्हणाले, म्हणजे निवडणुकीपर्यंतच का?

जुनी कचेरी

सांभाळणारी बाई, सांभाळणारा माणूस. घरोघर हेच म्हणतात, पत्रकाला का लाज वाटते कोण जाणे.

पालकसभा

असाच एक शब्द 'रेस्पाइट'. घरच्यांना चार दिवस मोकळीक मिळावी म्हणून मूल सांभाळणारी जागा. आम्ही अशी खोली सुरू केली तेव्हा 'विसावा' नाव ठरत होतं. गुजरातीत विसामो म्हणजे वाटेत टेकायची जागा, तिकडून सगळ्यांना पसंत. आमच्या एका मराठी आजी उठून उभ्या राहिल्या. "विसाव्याला तिरडी टेकवतात. माझा नातू मी तिथं ठेवायची नाही." घरांवर, वृद्धाश्रमांवर विसावा सर्रास लिहिलेलं असतं हे सांगून झालं, त्या ऐकेनात. शेवटी 'उसंत' ठेवलं. मला तोच नेमका वाटतो: विसावा थकल्यावर घेतात, उसंत कामाच्या रगाड्यातून कोणीतरी मिळवून द्यावी लागते.

ताई, अर्जाची घाई करण्याआधी एक विचारते. मुलगा सही करतो का? पैसे घेणं-देणं किती कळतं? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित गार्डियनशिप आहे. त्यात निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. सगळ्याच मुलांना सगळ्याच गोष्टींसाठी वाली लागतो असं नाही. माझी एक विद्यार्थिनी स्वतःचं खातं स्वतः चालवते, भाऊ फक्त शेजारी बसतो.

पर्वतीपायथा

मग त्या भावाला काय म्हणायचं?

पालकसभा

सोबत. "सोबतीला आहे" म्हणते ती.

सुरसागरकाठ

सही करतो बाई. गुजरातीत लिहायला त्याला सोपं, डोक्यावर रेघ नाही. मराठीत लिहायचं तर आधी पट्टीनं लांबलचक शिरोरेघ ओढतो आणि मग तिला एकेक अक्षर टांगतो. नाव संपलं तरी रेघ उरते.

पैशांचं मात्र सांगता येत नाही. दहाच्या नोटा मोजून देतो, पाचशेची दिली तर तीही एक म्हणूनच मोजतो. तुम्ही म्हणता तसं आधी त्याला विचारून बघते. सोमवारी कलेक्टर कचेरीतही चौकशी करते.

फॉर्म काल घरी आणलाय. 'वाली' छापलेल्या रकान्यात त्यानं दुपारी पट्टी ठेवून रेघ ओढली, ती शेजारच्या दोन रकान्यांतून पार कागदाबाहेर टेबलावर गेली. नवा फॉर्म आणावा लागणार. तोवर कोणीतरी वालीचं स्त्रीलिंग सांगा. मी वाली म्हटलं की आधी भाजी जोडावीशी वाटते.