मदत हवी आहे: मुलाला बास्केटबॉलच्या जेव्हीत (शाळेच्या दुय्यम संघात) टाकलं, शाळा बदलावी का?

जर्सीकर: इथे अमेरिकेत दोन वर्षं मुलाच्या एएयू क्लबचे (शाळेबाहेरचा बास्केटबॉल क्लब) पैसे भरतोय. उन्हाळ्यात क्लबवाल्यांनी याच्या डंकची (उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबतानाची) रील टाकली, ती बरीच फिरली. तेव्हापासून चिरंजीव हवेत. आता शाळेच्या कोचने व्हार्सिटीऐवजी (मुख्य संघाऐवजी) जेव्हीत टाकलंय. तो म्हणतो शाळा बदलू. बदलावी का? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय, लवकर सांगा.

उंबरठा: कितवीत? उंची? खेळतो कुठल्या जागी?

जर्सीकर: दहावी. ६ फूट २. क्लबात बास्केटखाली उभा करतात.

ढापण्या: दहावीत जेव्ही म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. मायकल जॉर्डनलाही विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीत जेव्हीतच ठेवलं होतं.

खडूस_काका: आला जॉर्डन! प्रत्येक बापाला हीच गोष्ट ऐकवतात. पुढे जॉर्डनची उंची वाढली, हे कोण सांगणार? आम्ही नागपाड्याला सिमेंटवर गुडघे फोडून घेतले, रील कुणी काढली नाही.

ढापण्या: बरं, स्टीफन करी घ्या. मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, डेव्हिडसनला गेला आणि २००८ मध्ये त्या कॉलेजला देशाच्या कॉलेज स्पर्धेत शेवटच्या आठांत नेलं.

खडूस_काका: बाप एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये) खेळलेला होता त्याचा. जर्सीकर, तुम्ही खेळलात का?

जर्सीकर: कॅरम.

सोनचाफा: माझी लेक डिव्हिजन ३ ला (कॉलेज खेळाच्या तिसऱ्या गटात) खेळते. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगमध्येही नसते. ते गणित आधी डोक्यातून काढा.

जर्सीकर: ताई, स्कॉलरशिपचं मी विचारलंच नाहीये.

उंबरठा: कोचने कारण काय दिलं?

जर्सीकर: डावा हात चालत नाही, डिफेन्सला परत धावत नाही. एकदा बाहेर काढल्यावर बाटली आपटली म्हणे. ते सोडा, शाळेचं सांगा.

उंबरठा: सोडा कसं? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! ६ फूट २ चा मुलगा कॉलेजात गार्ड (बाहेरून चेंडू घेऊन येणारा) म्हणूनच खेळणार, बास्केटखाली त्याच्यापेक्षा अर्धा फूट उंच पोरं असतात. म्हणजे ड्रिबल दोन्ही हातांनी हवं. क्लब शनिवार-रविवारी चार-चार सामने खेळवतो, डावा हात घोटायला वेळ कधी मिळणार? व्हार्सिटीच्या बाकावर बसण्यापेक्षा जेव्हीत चेंडू हातात राहील. आणि शाळा बदलली की काही सामने बाहेर बसवू शकतात, राज्याच्या संघटनेचा नियम आधी वाचा. डावा हात नव्या शाळेतही हाच असणार.

पुणेरी_पंजा: ते सतनामसिंग काय करतात सध्या? २०१५ ला एनबीएच्या डॅलस संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलेले, ७ फूट २ वाले?

ढापण्या: एनबीएत एकही सामना नाही मिळाला. कुस्तीत गेले, टीव्हीवरच्या.

खडूस_काका: बघा, हाइपचं काय होतं ते.

ढापण्या: काका, ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकाला कसली हाइप?

जर्सीकर: धागा भरकटतोय. असो, आत्ताच कोचना मेल केली, भेटायला वेळ मागितलीय. पोरगा खोलीतून बाहेर येत नाहीये.

सोनचाफा: मेल तुम्ही का केलीत? त्याला जाऊ द्या की कोचकडे.