आईबद्दल मंडळाच्या अंकात लिहायचंय, एक गोष्ट घालू की नको?

उलटं_घड्याळ
नमस्कार. आई जानेवारीत गेली. मंडळाच्या अंकासाठी तिच्यावर एक पान द्यायचंय, रविवारपर्यंत. रोज लिहायला बसते नि उठते.

आई १९६८ मध्ये मिरजेहून इंग्लंडमधल्या लेस्टरला आली, नर्सिंग शिकायला. वय वीस. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातले म्हातारे तिला 'मी डक' (me duck, 'माझं बदक') म्हणू लागले. तिला वाटलं, चालीवरून बदक म्हणतायत. दोन दिवस बिचारी पाय जपून टाकत होती! तिकडे सगळ्यांनाच लाडाने तसं म्हणतात हे मागाहून कळलं.

नाइट ड्यूटीहून ती साडेआठला यायची. माझ्या कोटाची बटणं लावायला वाकली की छातीवरचं घड्याळ माझ्या नाकासमोर झुलायचं. ते नर्सला सरळ दिसतं, समोरच्याला उलटं. मी घड्याळ शिकले ते तसंच, उलटं. शाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळापुढे मान वाकडी करून उभी राहायचे.

हे सगळं लिहीनच. अडलंय ते पुढे. ती तीन वर्षांच्या कोर्सला म्हणून आली होती. इथे पोचल्यावर सही घेतली ती दोन वर्षांच्या कोर्सवर. झाली 'स्टेट एनरोल्ड नर्स', म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या एक पायरी खाली. १९७४ मध्ये परत जायचं म्हणून मिरजेला चौकशी केली, तर तिकडे त्या कागदाला किंमत नाही. मग राहिली ती राहिलीच. बाबा म्हणतात, "तिने कधी कुणाला बोल लावला नाही, तू कशाला लावतेस?"

शिवाय त्या पदाला मराठीत काय म्हणू? 'दुय्यम परिचारिका' लिहायला हात धजत नाही.

वाडीकर
बाबांचं ऐका. श्रद्धांजली आहे, कोर्टातला अर्ज नाही. बदकाचा किस्सा मात्र घ्याच.

नलूमावशी
वाडीकर, तुम्ही कधी बेडपॅन धुतलंय का?

अगं, माझंही हेच झालं. मी १९७० मध्ये आले, सोलापूरहून. तीन वर्षं केली की रजिस्टरवर नाव, दोन वर्षं केली की नुसतं रोलवर. १९६१ पर्यंत त्या रोलवाल्यांना 'असिस्टंट नर्स'च म्हणायचे, मग नाव बदललं, पायरी तीच. आम्हाला सांगितलं, 'दोन वर्षांत उरकतं, पगार लवकर सुरू.' वीस वर्षांच्या पोरीला काय कळणार? आमच्या हॉस्पिटलात पट्ट्याचा रंगसुद्धा वेगळा होता. मी शिकवलेल्या मुली माझ्या देखत सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख, झाल्या.

बोल लावला नाही म्हणे! लावायचा कुणाकडे, मेट्रनकडे? पुढे ते एनरोल्डचं शिक्षणच बंद केलं नि आम्हाला वरचा कोर्स करा म्हणाले. तुझ्या आईने केला का तो?

पदाचं नाव जसंच्या तसं लिही. भाषांतर केलंस तर कुणाला कळणार नाही.

उलटं_घड्याळ
मावशी, फॉर्म भरला होता, १९९१ मध्ये. त्याच वर्षी आजीला अर्धांगवायू झाला नि बाबा तिला मिरजेहून घेऊन आले. पुढच्या खोलीत खाट टाकली. सहा वर्षं. आई रात्री दुसऱ्यांची कूस बदलायची, दिवसा आजीची, दर दोन तासांनी, स्वयंपाकघरात गजर लावून. पाठीला एक जखम झाली नाही. (आजीने शेवटपर्यंत तिच्या आमटीला नावं ठेवली, हेही खरं.) फॉर्म राहून गेला.

वाडीकर
बेडपॅन नाही धुतलं. शब्द मागे घेतो. आजीचं लिहा, आमटीसकट.

उलटं_घड्याळ
काल मावशींचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. उठून माळ्यावरची पेटी काढून आणली. त्यात मिरजेला आलेलं तिचं निवडीचं पत्र होतं, तीन वर्षांचं, घडीवर फाटलेलं. इतकी वर्षं जपून ठेवलं होतं तिने, आणि बाबांना ते ठाऊक होतं.

पहिलं वाक्य झालंय: 'आई सप्टेंबर १९६८ मध्ये तीन वर्षांचं शिक्षण घ्यायला लेस्टरला आली, तिला दोन वर्षांचं दिलं.' बाबांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं नि सप्टेंबर खोडून ऑक्टोबर केलं. बाकी तसंच ठेवलं.