ताशी १९० ला बंदी सहा सामन्यांची! राइस प्रकरणात लीगचं चुकलं की नाही?

प्लेनोकर

अमेरिकन फुटबॉलशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रशी राइस हा एनएफएल लीगमधल्या कॅन्सस सिटी चीफ्सचा खेळाडू, लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन पकडणारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेल्या संघात हा होता. ३० मार्चला, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, डॅलसच्या नॉर्थ सेंट्रल एक्सप्रेसवेवर हा लॅम्बोर्गिनीत आणि एक मित्र कॉर्व्हेटमध्ये, अशी यांची शर्यत लागली. राइसची गाडी ताशी ११९ मैलांपर्यंत गेली, म्हणजे १९० किलोमीटरच्या वर. मर्यादा ७० मैलांची. एकूण सहा गाड्या ठोकल्या गेल्या, लोक जखमी झाले. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. मग ही मंडळी गाड्या तिथेच टाकून पायी निघून गेली. मागच्या एका गाडीच्या डॅशकॅममध्ये सगळं आलंय.

मी रोज त्याच रस्त्याने कामावर जातो. त्या भागात हायवे जमिनीच्या खाली खोदून नेलाय, दोन्हीकडे काँक्रीटच्या उभ्या भिंती. गाडी भरकटली तर तिला बाहेर पडायला जागाच नाही. भिंतीला लागून ती परत लेनमध्येच येते आणि शनिवारी संध्याकाळी त्या लेनमध्ये पोरंबाळं घेऊन निघालेली माणसं असतात.

आता पुढचं बघा. एप्रिलमध्ये राइस पोलिसांत हजर झाला, जामिनावर सुटला. सप्टेंबरात सीझन सुरू झाल्यावर आरामात खेळला, चौथ्या सामन्यात गुडघा गेला म्हणून थांबला. जुलै २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला: ३० दिवस तुरुंग, पाच वर्षं प्रोबेशन, शिवाय जखमींच्या उपचारांचे सुमारे १ लाख १५ हजार डॉलर. त्यानंतर ऑगस्टअखेर लीगला जाग आली आणि सहा सामन्यांची बंदी लागली. १९ ऑक्टोबरला परत आला, रेडर्सविरुद्ध दोन टचडाउन केले, स्टेडियम डोक्यावर घेतलं.

शिक्षा कमी की जास्त हा वाद मला नकोय. सतरा महिने लीग कशाची वाट बघत होती, एवढंच विचारतोय. व्हिडिओ जगाने पाहिला होता. चार दिवसांत त्याने स्वतः जबाबदारी घेतल्याचं जाहीर केलं होतं.

---

खडकवासला_रिटर्न्स

लीग म्हणजे कोर्ट नव्हे, मालक आहे. तुमच्या ऑफिसातल्या कोणी शनिवारी असा अपघात केला तर सोमवारी एचआर त्याला घरी बसवणार का? वकील कर म्हणतील, फार तर रजा देतील. राइसला कोर्टाने शिक्षा दिली, ती कोणाही २३ वर्षांच्या पहिल्या गुन्ह्याच्या पोराला मिळाली असती तशीच. त्यावर सहा सामन्यांचा पगार गेला. म्हणजे खेळाडू आहे म्हणून एकाच गुन्ह्याची दोनदा किंमत मोजली. आणि तुम्ही म्हणताय कमी पडली!

कबुलीबद्दल: सोशल मीडियावर 'माझं चुकलं' म्हणणं आणि कोर्टात गुन्हा मान्य करणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आधी बंदी घालून पुढे आरोप टिकले नसते तर ते सामने कोणी परत दिले असते?

---

प्लेनोकर

@खडकवासला, त्याची सोय लीगने आधीच करून ठेवलीये. लीगचा प्रमुख म्हणजे कमिशनर, त्याची एक खास यादी असते. त्यात नाव गेलं की पगार चालू, मैदान बंद. शिक्षा नाही, फक्त 'जरा थांब'. हे शस्त्र त्यांनी इतर खेळाडूंवर वापरलंय. इथे का नाही वापरलं? चीफ्स तेव्हा सलग तिसऱ्या सुपर बोलच्या मागे होते. बाकी तुम्ही समजून घ्या.

---

चहाटळ_चिंगी

त्या सिद्धूचं आठवा. माणूस मेला, आणि हे इकडे कॉमेंट्री करत, टीव्हीवर हसत बसले तीस वर्षं.

---

काळा_कोट

चिंगीताई, सिद्धूचं प्रकरण गाडी बेदरकार चालवण्याचं नव्हतंच. १९८८ मध्ये पतियाळात पार्किंगवरून बाचाबाची झाली आणि हाणामारीत एक वृद्ध गेले. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हजार रुपये दंड केला होता, २०२२ मध्ये फेरविचारात एक वर्षाची कैद दिली. वेगळं कलम, वेगळा विषय. इथे मिसळू नका.

मूळ धाग्यावर येतो. प्लेनोकरांनी जी गोष्ट जाता जाता लिहिली, ती मला सगळ्यात गंभीर वाटते: पायी निघून जाणं. राइस प्यायला होता असा आरोप नव्हता, तेव्हा तसं मी सुचवतही नाही. पण जो चालक निघून जातो त्याचं रक्त त्या वेळी तपासलं जात नाही, आणि नंतर तपासून उपयोग नसतो. लास व्हेगासचा हेन्री रग्ज आठवा. रेडर्सचा खेळाडू, २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बाराव्या क्रमांकावर घेतलेला. २ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे याची कॉर्व्हेट ताशी १५६ मैलांवर होती, म्हणजे २५० किलोमीटर. समोरच्या गाडीला धडकला, तिने पेट घेतला, २३ वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा गेला. रग्ज जागेवर सापडला, हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं, अल्कोहोल ०.१६ टक्के निघालं. तिथली मर्यादा ०.०८. आपल्याकडे तर ०.०३ आहे. संघाने त्याला त्याच दिवशी काढलं. २०२३ मध्ये ३ ते १० वर्षांची शिक्षा झाली.

आता कुठल्याही वकिलाला विचारा, या दोन केसेस शेजारी ठेवून अशील काय शिकेल?

---

खडकवासला_रिटर्न्स

कोटसाहेब, हे म्हणजे वकिली झाली. रग्जच्या धडकेत एक मुलगी गेली, राइसच्या धडकेत कोणी गेलं नाही. शिक्षेतला फरक त्यामुळे आहे, थांबणं-पळणं हा मुद्दा नंतरचा. नेवाडात दारू पिऊन गाडी चालवताना कोणाचा मृत्यू झाला तर किमान दोन वर्षं कैद कायद्यातच आहे, न्यायाधीशाच्या हातात काही नसतं. दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत का घालता?

---

काळा_कोट

फरक मृत्यूमुळे आहे, कबूल. पण मृत्यू झाला की नाही हे चालकाच्या हातात होतं का? १९० ने जाणाऱ्याने कोणाला न मारणं हा निव्वळ योगायोग. कायदा परिणाम बघून शिक्षा देतो आणि मला ते एका मर्यादेपर्यंत पटतं. लीगला मात्र ती सक्ती नाही. तिने वर्तन बघावं.

पळण्याचा मुद्दा मी सोडणार नाही. इंग्लंडचा ली ह्यूज घ्या, वेस्ट ब्रॉम या फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर. २००३ मध्ये त्याच्या गाडीच्या धडकेत एक माणूस गेला. हा घटनास्थळ सोडून गेला आणि दीड दिवसाने पोलिसांत आला. दारूची चाचणी कसली करणार? सहा वर्षांची शिक्षा झाली, अर्धी भोगून २००७ मध्ये बाहेर आला आणि ओल्डहॅमकडून पुन्हा खेळायला लागला.

आपल्याकडे काय आहे ते पण सांगतो, कारण इथे बरेच जण 'अमेरिकेत निदान शिक्षा तरी होते' म्हणणार. निष्काळजीपणे मृत्यू घडवला तर जुन्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं होती. न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच झाली. पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत, असं १०६(२) होतं. ट्रकवाल्यांनी जानेवारी २०२४ मध्ये चक्का जाम केला, आणि १ जुलैला बाकी संहिता लागू झाली तेव्हा तेवढं एक पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. ट्रकवाल्यांची भीती खोटी नव्हती, थांबला तर जमाव मारतो हे आपण सगळे जाणतो. पण त्या सवलतीचा फायदा लॅम्बोर्गिनीवाल्यालाही मिळतो.

---

बांद्र्याचा_बाब्या

आपल्याकडे निबंध लिहायचा. ३०० शब्द. विषय: अपघात.

---

चहाटळ_चिंगी

बाब्या 😄 त्या कल्याणीनगरच्या पोर्शेवाल्याला खेळात टाकायला हवं होतं.

ओके, सिद्धू राहू द्या, क्रिकेटमधलंच दुसरं देते. कुसल मेंडिस. जुलै २०२०, कोलंबोजवळ पानदुरा, पहाटे याच्या गाडीने सायकलवरच्या ६४ वर्षांच्या आजोबांना उडवलं. ते गेले. अटक झाली, जामीन मिळाला. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये हाच श्रीलंकेचा कॅप्टन, हैदराबादला पाकिस्तानविरुद्ध ७७ चेंडूंत १२२. मीही टाळ्या वाजवल्या. त्या आजोबांची आठवण कॉमेंट्रीत कोणाला झालेली मी तरी ऐकली नाही.

---

खडकवासला_रिटर्न्स

कॉमेंट्रीत काय बोलायला हवं होतं? 'कव्हर ड्राइव्ह अप्रतिम, आणि हो, तीन वर्षांपूर्वी...' असं? पहाटेचा प्रत्येक अपघात बेदरकारपणा नसतो. राइसची शर्यत आणि मेंडिसचा अपघात एकाच टोपलीत टाकलेत तुम्ही. आपल्या ऋषभ पंतला डुलकी लागली, डिसेंबर २०२२ मध्ये रुरकीजवळ गाडी दुभाजकावर गेली. तो स्वतःच मरता मरता वाचला. त्यालाही बंदी घालायची का?

---

मिरजेचा_मास्तर

पंतचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून बोलतो. मी शाळेत खो-खो आणि कबड्डी शिकवतो. अपघातानंतर महिनाभर पोरं विचारायची, 'सर, पंत कधी खेळणार?' झोप येत असताना रात्री स्टिअरिंगवर का बसला, हे एकानेही विचारलं नाही. टीव्हीवर लिगामेंटची आकृती काढून दाखवत होते, पण हा प्रश्न कोणी काढला नाही. हरियाणा रोडवेजचा ड्रायव्हर-कंडक्टर थांबले म्हणून तो वाचला, ते मात्र पोरांना पाठ होतं. तेवढं बरं झालं.

बंदी नकोच. पण क्रिकेट बोर्ड खेळाडूचं वजन, यो-यो फिटनेस टेस्ट, झोपेचे तास मोजतं. रात्री दोनशे किलोमीटर एकट्याने गाडी नेऊ नकोस, एवढं करारात लिहायला काय जातं? पायाचा विमा उतरवतात, पण तोच पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो ते विसरतात.

---

जुना_भिडू

सगळे बंदी-बंदी करताय. शिक्षा भोगून आल्यावर काय, यावर कोणी बोला की. ल्यूक मॅककॉर्मिक, प्लिमथचा गोलकीपर. जून २००८, माजी सहकाऱ्याच्या लग्नाहून परत येताना एम-६ मोटरवेवर दुसऱ्या गाडीला धडकला. मर्यादेच्या दुप्पट दारू. त्या गाडीतले दोन सख्खे भाऊ गेले, वय १० आणि ८. सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा. २०१२ मध्ये सुटला आणि २०१३ मध्ये त्याच प्लिमथच्या जाळ्यासमोर उभा! तेव्हा चाहत्यांतच दोन तट पडले.

माझं मत सांगतो, शिव्या घाला. परत घेतलं ते बरोबर. सुतार तुरुंगातून सुटला तर त्याने रंधा हातात धरायचा नाही असं आपण म्हणतो का?

---

प्लेनोकर

सुताराच्या नावाचे टी-शर्ट पोरं घालत नाहीत, भिडू. तरी मॅककॉर्मिकबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. त्याने आधी भोगलं, मग खेळला. माझी तक्रार नेमकी उलट्या क्रमाची आहे: राइस आधी खेळला, मग केस निकाली निघाली, मग लीगला नैतिकता आठवली. आणि प्रोबेशन नीट पार पडलं तर टेक्सासच्या कायद्याप्रमाणे त्याच्या नावावर दोषसिद्धीही राहणार नाही.

---

खडकवासला_रिटर्न्स

मग तक्रार टेक्सासकडे करा, लीगकडे नको. प्रोबेशनची ती सवलत तुमच्या शेजाऱ्याच्या पोरालाही मिळते.

बरं, एक विचारतो. रग्जची किमान तीन वर्षं २०२६ च्या ऑगस्टमध्ये भरतात. पॅरोल मिळाला तर तेव्हा वय २७. चाळीस यार्ड ४.२७ सेकंदांत पळालेला माणूस. यानेही आधी भोगलं, मग खेळला, तुमच्याच क्रमाने. एखाद्या संघाने घेतला तर?

---

प्लेनोकर

घेऊ देत. माझा आक्षेप नसेल.

---

चहाटळ_चिंगी

आणि काउबॉइजनेच घेतला तर? तुमच्याच डॅलसचा संघ! जर्सी घेणार का पोराला?

---

प्लेनोकर

जर्सी नाही.

---

जुना_भिडू

हे बघा, इथे खरी गंमत आहे. खेळू देणार, पण जर्सी नाही. मग तुमचा आक्षेप गेला कुठे?