मदत हवी आहे: एसव्हीजी आयकॉन झॅमलमध्ये आणले की भलत्याच ठिकाणी भोकं पडतात

मंडळी, डब्ल्यूपीएफमधल्या (विंडोज ॲप्लिकेशन बनवायचा मायक्रोसॉफ्टचा साधनसंच) एका डेस्कटॉप ॲप्लिकेशनसाठी डिझायनरने इलस्ट्रेटरमधून एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाईल) आयकॉन दिले आहेत. सगळे एकरंगी, २४ बाय २४ च्या आर्टबोर्डवर. मी प्रत्येक फाईल उघडून पाथचा 'डी', म्हणजे आकाराची रेषा सांगणारे आकडे, उचलतो आणि झॅमलमधल्या (डब्ल्यूपीएफची स्क्रीन-मांडणी लिहायची भाषा) पाथच्या डेटात चिकटवतो. दोन्हीकडची भाषा जवळपास सारखीच असल्याने एररही येत नाही. पण दिसतं ते असं:

चावीच्या आयकॉनमध्ये कडी आणि दांडा जिथे एकमेकांवर येतात, तेवढाच तुकडा पांढरा दिसतो. ब्राउझरमध्ये तीच फाईल ठणठणीत. उभ्या तीन ठिपक्यांचा आयकॉन शेजारच्यांपेक्षा थोराड दिसतो, स्ट्रेच युनिफॉर्म (प्रमाण राखून ताणणे) असूनही. आणि काही आयकॉन तर चौकटीबाहेरच जाऊन बसतात.

एक फुकटचा कन्व्हर्टरही वापरून पाहिला. त्याने कॅनव्हासमध्ये (आकार ठेवायची चौकट) कॅनव्हास घालून एवढा पसारा केला की तो निस्तरण्यापेक्षा हाताने केलेलं परवडलं. शिवाय प्रत्येक पाथवर रंग पक्का ठोकलेला, म्हणजे डार्क थीमचे वांधे. तुम्ही लोक हे कसं करता?

प्रतिसाद १

चावीचं कारण फिल रूल, म्हणजे आकाराचा कोणता भाग भरायचा हे ठरवणारा नियम. एसव्हीजीत काही लिहिलं नसेल तर नॉनझीरो धरतात, डब्ल्यूपीएफमध्ये इव्हनऑड. इव्हनऑडमध्ये दोन आकार एकमेकांवर आले की तो भाग 'बाहेरचा' ठरतो, म्हणून भोक. डेटाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या एमच्याही (रेषा कुठून सुरू होते ते सांगणारं अक्षर) आधी, एफ१ लिहा. (एफ० म्हणजे इव्हनऑड.) डिझायनर ऐकणारा असेल तर त्याला इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधून युनाइट करून (आकार एकत्र जोडून) द्यायला सांगा, आकार एकमेकांवर येतच नसतील तर कुठलाही नियम असो, चावी भरीवच दिसेल.

ठिपक्यांचं म्हणाल तर युनिफॉर्ममुळेच ते होतंय. स्ट्रेच आर्टबोर्ड बघत नाही, फक्त प्रत्यक्ष आकार बघतो. भोवतीची मोकळी जागा डेटात नसतेच, त्यामुळे ठिपके ताणून पूर्ण उंचीला नेले जातात. पाथचा स्ट्रेच काढा, तो २४ बाय २४ च्या कॅनव्हासमध्ये ठेवा आणि लहानमोठं करायला बाहेरून व्ह्यूबॉक्स घाला.

प्रतिसाद २

चौकटीबाहेर जाणाऱ्यांच्या फाईली नोटपॅडमध्ये उघडा. पाथच्या वर 'जी' टॅग (गट) असेल आणि त्यावर ट्रान्सफॉर्म, म्हणजे आकार सरकवायची सूचना. नुसता 'डी' उचललात की तो मागेच राहतो. इंकस्केपमध्ये (फुकटचं वेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर) अनग्रुप करून पुन्हा सेव्ह केलं की बहुतेक वेळा आकडे पाथमध्येच उतरतात. तिथेच स्ट्रोक टू पाथही (रेषेचा भरता येणारा आकार) करून घ्या, नाहीतर नुसत्या रेषेने काढलेले आयकॉन फिल दिल्यावर विचित्र भरतात.

इंकस्केपमधून थेट झॅमलही सेव्ह करता येतं, पण एकरंगी आयकॉनसाठी मी ते करत नाही. मला एकात एक घटकांचं झाड नको असतं, फक्त जॉमेट्री (नुसता आकार) हवी असते. ती रिसोर्स डिक्शनरीत (ॲपभर वापरायच्या गोष्टींचा साठा) नाव देऊन ठेवायची आणि पाथचा फिल बटणाच्या फोरग्राउंडला बाइंड करायचा. थीम बदलली की आयकॉन आपोआप बदलतो. बहुरंगी चित्रं असतील तर ड्रॉइंगइमेज बरी. पाथ लेआउटमध्ये (स्क्रीनवरच्या मांडणीत) भाग घेतो, ड्रॉइंगइमेजमधलं जॉमेट्रीड्रॉइंग घेत नाही, म्हणून हलकं पडतं. मेश ग्रेडियंट आणि ब्लर यांची मात्र आशा सोडा, त्यांची पीएनजीच घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! चावी भरली, ठिपके ताळ्यावर आले, ट्रान्सफॉर्मचंही तसंच निघालं. मग उत्साहात सगळ्यांनाच एफ१ लावून टाकलं, तर आता सेटिंग्जच्या चक्राचं मधलं भोक बुजलंय. हे कसं काय?

प्रतिसाद १

त्या फाईलमध्ये फिल-रूल इव्हनऑड असं लिहिलेलं असणार. पाथवर नसेल तर वरच्या जी टॅगवर किंवा स्टाइलमध्ये बघा. नॉनझीरोमध्ये भोक पडायला आतली रेषा बाहेरच्या रेषेच्या उलट दिशेने काढलेली लागते, आणि इथे दोन्ही एकाच दिशेने असतील. तिथलं एफ१ काढा. आयकॉन बरेच असतील तर एक छोटी स्क्रिप्ट लिहा: फाईलमध्ये इव्हनऑड सापडलं तर एफ०, नाहीतर एफ१. डिझायनर महिन्याभरात नवा संच पाठवणारच आहे, तेव्हा पुन्हा हाताने करत बसू नका.